जिन्याने जाताना

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील, तरीही ते फोडलंस, याबद्दल आधी आभार. तू मोठा फोन कपाटात टाकून बटणांचा साधा फोन घेतलास असं वहिनींनी सांगितलं. 'कामाचे फोन येतात तेवढे पुरे' असं म्हणालास म्हणे. मग मला पोस्टाशिवाय रस्ता राहिला नाही. तुला शेवटचं पत्र मी शाळेच्या सहलीवरून लिहिलं होतं. त्यात 'मला न्यायला ये' एवढे तीनच शब्द होते, आणि तू दोन बसगाड्या बदलून आला होतास.

तू आपला 'दहापैकी' ग्रुप सोडलास त्याला आता तीन महिने होतील. लेक परवा विचारत होती, 'आई, ह्या ग्रुपला असलं नाव कुणी ठेवलं?' तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिचे आजोबा, आपले बाबा, छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. कापून पडलेल्या पट्ट्यांवर काही चमत्कारिक छापलेलं दिसलं की ते खिशात घालून घरी आणायचे आणि जेवताना वाचून दाखवायचे. मग आम्ही सगळ्यांनी बोटं वर करून दहापैकी गुण द्यायचे. तू नेहमी तीन-चार देणारा. मी पट्टी त्यांच्या हातातून आधी खेचून घ्यायचे, म्हणून मी चिमटी. आणि तिची आजी काहीही ऐकलं तरी सातच द्यायची. लेक म्हणाली, 'सातच का?' मी म्हटलं, 'कुणीतरी शोधून आणलंय ना, म्हणून सात. आणि तीन राखून ठेवायचे, उद्या कुणी ह्याहून चांगलं आणलं तर?' बरोबर सांगितलं ना? चुकलं असेल तर दुरुस्त कर.

बाबा गेले, पट्ट्या गेल्या, आणि इंटरनेट आलं. तू कुठूनतरी एखादी चीज शोधून पाठवायचास, मी कुठूनतरी. एक नियम तूच केला होतास: नुसतं पाठवायचं नाही, स्वतःचा एक शेरा हवा. त्या शेऱ्यानेच घात केला.

'जिन्याने जाताना' हे पान तुझं आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. कुणीतरी परक्या दारांवरच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून लावतो, खाली एखादी ओळ लिहितो, नाव-गाव काही नाही. मला वाटलं, कुरिअर वाटणारा असेल. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जन्मभर जिन्याने चढतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लिफ्ट बंद असते म्हणूनच तर त्याला बोलावतात! मी त्या पानावरची एक चिठ्ठी ग्रुपवर टाकली, दोन गुण दिले आणि वर एक शेरा मारला. शेरा इथे पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल. संध्याकाळपर्यंत तू ग्रुप सोडला होतास, दुसऱ्या दिवशी पानही गेलं, आणि ते कुणाचं होतं ते वहिनींकडून कळलं.

चुकले, दादा. पण दोन गुणांसाठी माणूस तीन महिने बोलत नाही? तू माझ्या लग्नातल्या फोटोला दीड गुण दिला होतास.

असो. ह्या आठवड्याची चीज पाठवते. एका तळ्यावर कुणीतरी कॅमेरा लावून ठेवलाय. दिवसभर नुसतं तळं दिसतं. काही म्हणजे काही होत नाही. काल मी दुकानात कवळीच्या दातांना पॉलिश करता करता शेजारी लावून ठेवलं होतं. बघणारे अठरा जण होते. साडेतीन वाजता एक बदक आलं आणि अठराच्या अठरा जणांनी खाली लिहिलं, 'आलं.' माझा शेरा: आपण सगळे कुणाची तरी वाट बघतच बसलेलो असतो, बदक हे निमित्त. माझे सहा. तुझे कळव.

तुझी,
चिमटी


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, तळं तुला आवडलं नसेल.

काल वहिनींना फोन केला. तू कामावर गेला होतास. म्हटलं, 'माझं पत्र वाचलं तरी का त्याने?' त्या म्हणाल्या, 'वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून हत्यारांच्या पेटीत ठेवलं, पक्कड-स्क्रू ड्रायव्हरच्या खालच्या कप्प्यात.' मला बरं वाटलं. पेटीत ठेवलंस म्हणजे रोज घेऊन हिंडतोस.

मग त्या म्हणाल्या, 'ताई, एक विचारू? तुम्हाला खरंच कळलं नाही?'

'काय कळलं नाही?'

'एक्केचाळीस नंबर.'

'कसला एक्केचाळीस?'

'अहो, ज्याच्यावर तुम्ही शेरा मारलात ती चिठ्ठी. ती आईंची होती.'

दादा, त्यानंतर वहिनी काय काय बोलल्या ते मी नीट ऐकलंच नाही. दुकानात होते. हातात कुणाचातरी वरचा जबडा होता, गुलाबी मेणाचा. तो मी तसाच धरून बसले आणि बोटांच्या उबेने मेणातले पुढचे चार दात वाकडे झाले. डॉक्टरांचा माणूस न्यायला आला तर त्याला म्हटलं, 'उद्या या.' तो म्हणाला, 'बाई, पेशंट उद्या काय खाणार?' मी म्हटलं, 'मऊ.'

गेल्या पत्रात तो शेरा मी लिहिला नव्हता. आता लिहिते. चिठ्ठी अशी होती: 'बेल वाजत नाही. कडी वाजवा. मी हळू येते. थांबा.' आणि त्याच्यावर मी लिहिलं होतं: 'ह्या बाईला साधी बेल दुरुस्त करून द्यायला कुणी नाही का? दोन गुण.'

तू. अख्ख्या शहराच्या लिफ्ट चालू ठेवणारा तू. आणि मी तुला हे विचारलं, ग्रुपवर, सगळ्यांसमोर.

वहिनींना पुन्हा फोन करून सगळं नीट विचारलं. बेल बिघडलेली नव्हतीच म्हणे. तू दोनदा नवीन बसवायला गेलास, तर आईने आहे त्याच बेलची वायर तुझ्याकडून तोडून घेतली. 'बेल वाजवणारा लगेच दुसऱ्यांदा वाजवतो, मग मला धावावं लागतं. कडी वाजवणारा थांबतो,' असं म्हणाली म्हणे. हे अगदी तिचंच बोलणं. वाचता वाचता तुलाही तिचा आवाज आला असेल.

ह्या वेळची चीज छोटीच. एका ग्रंथालयातल्या बाई परत आलेल्या पुस्तकांत विसरलेल्या याद्या जमवतात. बाजाराच्या, कामांच्या. त्यातली एक: 'अंडी, साबण, काळा दोरा, तिला फोन.' शेवटचं खोडलेलं. शेरा लिहिवत नाही. गुण तू दे.

चिमटी


११ मार्च

प्रिय दादा,

मी ते ओळखलं कसं नाही, हा एकच प्रश्न तुझ्या मनात असणार. माझ्याही मनात तोच आहे. तीन आठवडे त्याची चांगली चांगली उत्तरं तयार केली. तू फोटो अगदी जवळून काढतोस, फक्त कागद, दार दिसत नाही. अक्षर तिचं नव्हतं, कारण उजवा हात लुळा पडल्यावर ती डाव्याने लिहायला शिकली, आणि ते तिने तुम्हाला माझ्या कानावर घालू दिलं नाही. सगळं खरं आहे. पण ही उत्तरं वकिलाची आहेत, बहिणीची नाहीत.

बहिणीचं उत्तर असं आहे. ती आजारी होती त्या चौदा महिन्यांत मी एकदाही आले नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे आणि आई मला कपाळापुरती दिसायची. तू म्हणायचास, 'आई, फोन खाली धर.' ती म्हणायची, 'दिसतंय तेवढं पुरे आहे तिला.' आणि मला ते पुरत होतं. तिचा आवाज ठणठणीत होता. तू काही टाकलंस की ती ग्रुपवर न चुकता लिहायची, 'सात. जेवलास का?' मी टाकलं की 'जेवलीस का?' मी समजले, सगळं ठीक आहे. मी ज्यांचे दात करते त्यांची तोंडं मला कधी दिसत नाहीत. साचा येतो, मी दात बसवते, पेटीत घालून पाठवते. आईशीही मी तसंच वागले. साच्यावर काम भागवलं.

एक तिकीट मी काढलं होतं, त्या वर्षी. मग दुकानात काम आलं आणि रद्द केलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. काम तितकं मोठं नव्हतं. मला भीती वाटत होती की गेले तर कपाळाखालचं दिसेल.

आणि आता जे लिहिते ते वाचून पत्र पेटीतून काढून टाकावंसं वाटलं तर टाक. ती गेली तेव्हा मी पोचले, तर दारावर चिकटपट्टीचे चार डाग होते. लोक यायचे होते. मी उभ्या उभ्या नखाने ते डाग खरवडून काढले आणि म्हणाले, 'काय घाण करून ठेवलीय दाराची.' तू आत खुर्च्या मांडत होतास. तू ऐकलंस. चिठ्ठी तू सगळ्यात आधी काढून घेतली होतीस हे मला आत्ता वहिनींनी सांगितलं.

म्हणजे मी तिला दोनदा ओळखलं नाही.

आता मुद्द्याचं. लेकीने एक युक्ती काढली. मी म्हटलं, 'मामाचं पान गेलं गं.' ती म्हणाली, 'आई, इंटरनेटवरून काही जात नाही. जुनी पानं जपून ठेवणारी एक जागा असते.' तिने खटाखटा काहीतरी दाबलं आणि तुझं पान उघडलं! अर्धंमुर्धं. फोटो बहुतेक गेलेत, त्यांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. पण अक्षरं आहेत. आम्ही दोघी जमिनीवर बसून सगळं वाचत गेलो. 'पेपर दाराखालून सरकवू नये, कुत्रा वाचतो.' 'बाळ झोपलंय. बेल वाजवाल तर तुम्हीच झोपवा.' 'हा तिसरा मजला नाही, दुसरा आहे. अजून एक चढा, धीर धरा.' लेक हसून हसून आडवी झाली. म्हणाली, 'मामा एवढा मजेशीर आहे? मग भेटल्यावर नुसता घशातल्या घशात का खाकरतो?'

एक्केचाळीसची चौकट रिकामीच आहे. खाली तुझी ओळ आहे: 'चौथा मजला. इथे मी दर वेळी थांबलो.'

आणि त्याच्याखाली लोकांचे शेरे. तू ते वाचत नाहीस हे मला माहीत आहे, पानाच्या माथ्यावरच तू लिहून ठेवलं होतंस, 'शेरे वाचायला वेळ नाही, कामावर असतो.' म्हणून मी हाताने उतरवून पाठवते. लेक म्हणाली, 'आई, प्रिंट काढ ना.' म्हटलं, नाही, हे हातानेच.

एकाने लिहिलंय: 'हे वाचलं आणि आज आजोबांच्या दारात पहिल्यांदाच दुसरी टकटक केली नाही. त्यांना दोन मिनिटं लागली. दार उघडून म्हणाले, तू गेला नाहीस?'

एकीने लिहिलंय: 'मी घरोघरी पार्सल देते. ह्या चिठ्ठीपासून प्रत्येक दारात मनात वीस आकडे मोजते. लोकांना वाटतं मी दमले आहे.'

कुणीतरी: 'अक्षर वाकडं, पण ओळ सरळ. बाईंना नमस्कार सांगा.'

असे बावीस आहेत, सगळे वेगळ्या कागदावर लिहिलेत, सोबत जोडले आहेत. तेविसावा मात्र इथेच लिहिते. तो बाकीच्यांच्या मधोमध आहे. नाव नाही, चित्र नाही. त्याच्यावर एक-दोघे हसलेही आहेत, 'ह्या कोण काकू?' म्हणून. तो शेरा असा:

'सात. जेवलास का?'

दादा, तारीख बघितली. ती जायच्या पाच महिने आधीची.

तिला माहीत होतं. ते पान तुझं आहे हे तिला ठाऊक होतं. वहिनींना विचारलं, त्यांनी शपथ घेतली की त्यांनी दाखवलं नव्हतं. मग तिने एकटीने शोधून काढलं, डाव्या अंगठ्याने. आपलीच चिठ्ठी तिथे बघितली, तुला गुण दिले आणि कुणाला काही बोलली नाही. माझ्या दोन गुणांच्या कितीतरी आधी तुला सात मिळालेले आहेत. ते तिथेच पडून होते, तुझी वाट बघत.

ह्या वेळी मी ओळखलं, दादा. पहिल्या नजरेत ओळखलं. लेकीने वाचायच्या आधी.

मला माफ केलंस की नाही ते कळवू नकोस. पण पान पुन्हा उघड. माझ्यासाठी नाही. ती पार्सलवाली वीस आकडे मोजत अजून हिंडत असेल. आणि जमलं तर, मला तो एक्केचाळीसचा फोटो पुन्हा एकदा बघायचाय.

तुझी,
चिमटी


२ एप्रिल

प्रिय दादा,

आज चीज नाही, फक्त एक जुना आवाज. कुणीतरी बंद पडत चाललेल्या यंत्रांचे आवाज जमवून ठेवलेत. त्यात जाळीचा दरवाजा असलेली लिफ्ट आहे. पत्रात आवाज कसा घालू? आधी खटॅक, मग मोठा सुस्कारा, मग लांबून दोरखंड कण्हतात, मग पुन्हा खटॅक. तू पहिल्यांदा कामाला लागलास तेव्हा मला असल्याच एका लिफ्टच्या वरच्या खोलीत घेऊन गेला होतास आणि म्हणाला होतास, 'हे बघ, लोक वर जातात तेव्हा हे वजन खाली येतं. कुणीतरी खाली आल्याशिवाय कुणी वर जात नाही.' मी तेव्हा तुला चार गुण दिले होते. आता वाढवून देते.

तुझं पान मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर एकदा बघते. पांढरं असतं. बघते आणि कामाला लागते. त्या वाकड्या झालेल्या जबड्याच्या आजोबांना नवे दात मिळाले, डॉक्टर सांगत होते की त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर शिट्टी वाजवून बघितली.

चिमटी


१६ एप्रिल

प्रिय दादा,

हे पत्र तुला मी पोचल्यानंतर मिळेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्टेशनवर बसून मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

काल सकाळी दुकान उघडलं, मेण तापायला ठेवलं आणि सवयीने पान बघितलं. ते उघडलं.

सगळे फोटो जागच्या जागी. कुत्र्याचा, बाळाचा, दुसऱ्या मजल्याचा. मी एकदम एक्केचाळीसवर गेले नाही. एकेक बघत गेले, जिन्याने चढल्यासारखी. मग ती आली. वहीचा फाडलेला कागद, कडेला आखलेली लाल रेघ, आणि ते अक्षर. 'हळू' मधला ळ तिने दोनदा गिरवलाय. 'थांबा'च्या खाली रेघ मारलीय, ती कागदाबाहेर दारावर गेलीय. मी फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात चिकटपट्टी दिसली. चारही कोपऱ्यांना. मी ज्यांचे डाग खरवडले त्याच.

तिकडे मेण उकळून गेलं.

तुझ्या ओळीखाली तू आता आणखी एक ओळ घातली आहेस. 'शेरे वाचले. जेवलो.' दादा, मी दुकानात मोठ्याने हसले आणि मग मोठ्याने रडले, आणि बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या माणसाने दारावर हळूच टकटक करून विचारलं, 'बाई, उद्या येऊ?'

मग अगदी शेवटी गेले. दोनशे चौदा. आधी दोनशे तेरा होत्या, मी मोजल्या होत्या. हा कागद नवा, तुझं अक्षर, ते ठोकळ्यासारखं, लिफ्टमधल्या सूचना लिहिल्यासारखं. आणि ह्या फोटोत तू पहिल्यांदाच दारही दाखवलंस. तुझंच दार, पायपुसणं आणि वहिनींच्या चपला धरून.

'चिमटे, बेल चालू आहे. तरी कडी वाजव. मी थांबलोय.'

तिकीट काढलं. ह्या वेळी रद्द केलेलं नाही, हातात आहे, लेक शेजारी बसलीय आणि तेच तपासून बघतेय. ती म्हणतेय, 'आई, मामाला गुण किती देणार?' तिला म्हटलं, दहा द्यावेसे वाटतात. मग आठवलं की आपल्या घरात सातच्या वर कुणी गेलेलं नाही. तीन राखून ठेवायचे असतात.

गाडी लागली. पत्र पेटीत टाकते आणि चढते.

दोनशे चौदा: सात. जेवलास का?

चिमटी